विश्लेषण : रिसर्च पेपर लिहायचा कसा? खामगावचे सोयाबीन, महाडचा विंचू आणि लोणारचे विवर

राज्यातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांत २०२३-२४पासून 'संशोधन पद्धती' हा विषय आला आणि दुसऱ्या वर्षाला संशोधन प्रकल्प जोडला गेला. त्यामुळे पूर्वी पीएच.डी.च्या उंबरठ्यावर भेटणारा रिसर्च पेपर आता एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांपुढे उभा आहे. खामगावसारख्या तालुक्याच्या गावी अडचण अशी, की चांगला पेपर फारसा वाचायला मिळालेला नसतो आणि लिहायचा मात्र असतो. मग मागच्या वर्षीच्या कुणाचा तरी नमुना हाती येतो, त्यात गावाचे नाव बदलले जाते आणि दोन-तीन हजार रुपये भरून तो कुठेतरी छापूनही येतो. पेपर नेमका कसा उभा राहतो, हे समजायला फार लांब जावे लागत नाही. उत्तम उदाहरणे बुलढाणा जिल्ह्यात आणि आसपासच आहेत.

विषय मिळाला, पण प्रश्न कुठे आहे?

'खामगाव तालुक्यातील सोयाबीन उत्पादक शेतकऱ्यांच्या समस्या : एक चिकित्सक अभ्यास'. अशा शीर्षकाचे पेपर प्रत्येक जिल्ह्यात सापडतात. तालुका बदला, पीक बदला, पेपर तयार. यात विषय आहे, पण प्रश्न नाही. समस्या तर सगळ्यांनाच ठाऊक आहेत. पावसाचा खंड, खताचे भाव, मजूर न मिळणे या गोष्टी सांगायला संशोधन कशाला हवे? शेताच्या बांधावर कुणीही सांगेल.

आता हाच विषय थोडा आवळून पाहा. २०२४-२५च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. राज्यातील अनेक बाजारांत प्रत्यक्ष दर त्याखाली राहिले. सरकारी खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ टक्के होती, ती नोव्हेंबर २०२४मध्ये १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली गेली. येथे प्रश्न तयार होतो : या हंगामात खामगाव बाजार समितीत हमीभाव आणि प्रत्यक्ष दर यांत किती तफावत होती आणि त्या तफावतीत ओलाव्याचा वाटा किती होता?

या प्रश्नाला उत्तर असू शकते. ते चुकीचेही ठरू शकते. ओलाव्याचा वाटा मोठा निघेल किंवा अगदीच नगण्य निघेल आणि खरे कारण दुसरेच असेल. जो प्रश्न चुकीचा ठरूच शकत नाही, त्यावर पेपर होत नाही, निबंध होतो. गाइडकडे जाण्याआधी आपला प्रश्न एका वाक्यात, शेवटी प्रश्नचिन्ह देऊन लिहिता येतो का, एवढे पाहिले तरी अर्धे काम झाले.

हाताशी असलेली माहिती त्या प्रश्नाला पुरते का?

राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समितीनिहाय रोजची आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर मिळतो. मोबाइलवरही दिसतो. तफावतीचे गणित त्यातून मांडता येईल. पण एक खोच आहे. 'सर्वसाधारण दर' म्हणजे प्रत्येक शेतकऱ्याला मिळालेल्या पैशांची सरासरी नव्हे. त्या दिवशी साधारणतः ज्या दराने सौदे झाले, तो दर. हा फरक पेपरमध्ये लिहिला नाही, तर परीक्षक पहिला वार तिथेच करील.

दुसरी अडचण मोठी आहे. या रोजच्या आकड्यांत ओलाव्याची नोंदच नसते. म्हणजे प्रश्नाचा दुसरा भाग घरबसल्या सुटणार नाही. त्यासाठी हर्रासाच्या वेळी यार्डात उभे राहावे लागेल, ठरावीक दिवशी ठरावीक ढिगांचा ओलावा मीटरवर पाहावा लागेल आणि त्या मालाला मिळालेला दर हिशेबपट्टीवरून टिपावा लागेल. हे जमणार नसेल, तर प्रश्नाचा दुसरा भाग काढून टाकणे हेच प्रामाणिक. अनेक पेपर इथेच बिघडतात. प्रश्न मोठा, माहिती छोटी आणि दोन्हींमधली दरी 'शेतकऱ्यांच्या मते' या शब्दांनी बुजवलेली.

पेपरचा सांगाडा कसा असतो?

विज्ञान, वैद्यक आणि बऱ्याच अंशी सामाजिक शास्त्रांतही चार खणांचा साचा रूढ आहे : प्रस्तावना, पद्धती, निष्पत्ती, चर्चा. पुढे शीर्षक आणि सारांश, मागे संदर्भसूची. प्रश्न काय आणि का, तो कसा तपासला, काय सापडले, त्याचा अर्थ काय, एवढाच त्याचा क्रम.

हा साचा पाहायला महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचा पेपर घ्यावा. मूळचे जालना जिल्ह्यातले, म्हणजे बुलढाण्याला लागूनच. १९७०च्या दशकात कोकणात सरकारी आरोग्य केंद्रात काम करताना विंचूदंशाने माणसे दगावताना त्यांनी पाहिली आणि रुग्णांच्या बारकाईने ठेवलेल्या नोंदींतून 'लॅन्सेट'पर्यंत मजल मारली. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरण्याविषयीचा त्यांचा लेख १९८६मध्ये त्यात आला. २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांचा २०११च्या सुरुवातीला 'बीएमजे'मध्ये आलेला पेपर विद्यार्थ्यांसाठी जास्त उपयोगी. प्रश्न एकच : विंचूदंशाच्या रुग्णाला नुसते प्राझोसिन द्यावे, की सोबत विंचूविषावरील प्रतिविषही? सारांश वाचला की सगळे हाती येते. ठिकाण महाड. रुग्ण ७०, दोन गटांत ३५-३५. कुणाला कोणता उपचार, हे यादृच्छिक पद्धतीने ठरवलेले. काय मोजणार, हेही स्पष्ट : दहा तासांच्या अखेरीस किती रुग्णांची लक्षणे पूर्ण गेली. उत्तर : दोन्ही औषधे मिळालेल्या गटात ३५ पैकी ३२, नुसत्या प्राझोसिनच्या गटात ३५ पैकी ८. बरे व्हायला लागलेला सरासरी वेळ ८ तास विरुद्ध १७.७ तास.

यात 'लक्षणीय सुधारणा दिसून आली' असे मोघम वाक्य नाही. आकडाच बोलतो. आणखी एक गोष्ट शीर्षकातच आहे. हा 'ओपन लेबल' प्रयोग असल्याचे तिथेच सांगितले आहे. म्हणजे कोणाला काय दिले जात आहे, हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही माहीत होते. ही अभ्यासाची मर्यादा आहे, कारण माहीत असले की निरीक्षणावर नकळत परिणाम होऊ शकतो. लेखकांनी ती शेवटच्या पानावर दडवली नाही. आपल्याकडे मर्यादांचा परिच्छेद 'वेळ आणि पैशाअभावी' एवढ्यावर संपतो. तो मुळात वाचकाला सावध करण्यासाठी असतो.

पद्धतीच्या विभागाला एवढे महत्त्व का?

कारण दुसऱ्या कुणाला तो अभ्यास तपासता आला पाहिजे. लोणारचे उदाहरण त्यासाठी जिल्ह्यातच आहे.

लोणारचे विवर ज्वालामुखीचे की उल्केच्या आघाताचे, हा वाद जुना. अमेरिकी भूवैज्ञानिक जी. के. गिल्बर्ट यांनी १८९६मध्येच त्याचे ॲरिझोनातील विवराशी साम्य नोंदवले होते. पण साम्य म्हणजे पुरावा नव्हे. मे १९७३मध्ये 'सायन्स' या साप्ताहिकात फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचा पेपर आला. शीर्षकाचा अर्थ : 'लोणार सरोवर, भारत : बेसॉल्टमधील आघात-विवर'. दावा शीर्षकातच. विवराच्या तळाला घेतलेल्या छिद्रांतून निघालेल्या खडकांत प्रचंड धक्क्यानेच होणारे बदल दिसले. त्यात मॅस्केलिनाइट हा धक्क्याने काचेसारखा झालेला पदार्थ होता. ज्वालामुखीत असा दाब निर्माण होत नाही. हा सगळा युक्तिवाद जेमतेम तीन पानांत आहे. पेपरची पाने वाढली की वजन वाढते, असे मानणाऱ्यांनी तो एकदा पाहावा.

मग विवराचे वय? १९९७मध्ये थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे आले, सहा हजार इकडे-तिकडे. २०११मध्ये आर्गॉन समस्थानिकांच्या पद्धतीने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले. दहापटीहून अधिक फरक! वर्तमानपत्राच्या वाचकाला यात शास्त्रज्ञांचा गोंधळ दिसेल. संशोधकाला वेगळे दिसते : कोणता नमुना, कोणती पद्धत, काय गृहीत धरले, हे दोन्ही गटांनी लिहून ठेवले म्हणून तुलना शक्य झाली.

सोयाबीनच्या पेपरमध्ये याचा अर्थ असा : कोणत्या तारखांना यार्डात गेलो, किती ढीग पाहिले, ते कसे निवडले, मीटर कोणता होता, किती जणांनी हिशेबपट्टी दाखवायला नकार दिला. 'यादृच्छिक पद्धतीने १०० शेतकरी निवडले' हे वाक्य मराठी पेपरांत इतके सर्रास असते, की त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. यार्डात जो भेटला त्याला विचारले असेल, तर तसेच लिहावे. ती पद्धत कमी दर्जाची असली तरी खरी आहे.

सापडले काय आणि त्याचा अर्थ काय, हे वेगळे का ठेवायचे?

खामगावपासून वीस किलोमीटरच्या आत असलेल्या शेगाव तालुक्यातील केसगळती कुणी विसरलेले नाही. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५मध्ये बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत काही दिवसांतच लोकांचे केस गळून टक्कल पडले. आधी पाण्यावर संशय आला, मग बुरशीजन्य संसर्गाची चर्चा झाली, आयसीएमआरचे पथक येऊन नमुने घेऊन गेले. फेब्रुवारीत डॉ. बावस्करांनीच रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम बरेच वाढलेले आणि झिंक कमी असल्याचे त्यांनी सांगितले.

इथे दोन वेगळी विधाने आहेत. 'रुग्णांच्या शरीरात सेलेनियम वाढलेले आढळले' ही निष्पत्ती, मोजमापातून आलेली. 'केस गेले ते गव्हातील सेलेनियममुळे' हा अर्थ, म्हणजे चर्चेचा भाग. पहिल्यावरून दुसऱ्यावर जायला मध्ये पायऱ्या लागतात. तोच गहू खाऊनही ज्यांचे केस टिकले, त्यांच्या शरीरात सेलेनियम किती? तोच गहू इतर कोणत्या गावांत गेला आणि तिथे काय झाले? गहू आधी आला की केस आधी गळू लागले? कोणताही संशोधक असो, पेपर वाचणारा हेच विचारणार.

बाजार समितीच्या अभ्यासातही तसेच. ओला माल कमी दराने गेला, ही निष्पत्ती. ओलाव्यामुळे दर कमी मिळाला, हा अर्थ. ज्या दिवशी माल ओला होता, त्याच दिवशी आवकही प्रचंड असेल, तर दर कशाने पडला? निष्पत्तीच्या विभागात तक्ते आणि आकडे ठेवावेत, कारणांची भाषा तिथे येऊ देऊ नये. ती चर्चेत यावी, तीही 'असू शकते', 'यावरून असे दिसते' अशा मापाने.

लिहायला सुरुवात कुठून करायची?

बहुतेक विद्यार्थी प्रस्तावनेपासून सुरू करतात आणि 'भारत हा कृषिप्रधान देश आहे' या वाक्यावर अडकतात. वाचकाला दिसतो त्या क्रमाने पेपर लिहिलाच पाहिजे असे नाही. अनुभवी संशोधकांपैकी अनेक जण पद्धतीचा विभाग आधी लिहितात, कारण केले तेच सांगायचे असते. मग तक्ते, त्यांवरून निष्पत्ती, मग चर्चा. प्रस्तावना त्यानंतर, कारण आपण नेमके कशाचे उत्तर दिले, हे तोवर कळलेले असते. सारांश आणि शीर्षक सर्वांत शेवटी.

प्रस्तावनेत जगापासून खामगावपर्यंत येण्याची गरज नाही. आधी कोणी काय शोधले, कुठे जागा रिकामी आहे आणि आपला प्रश्न तीत कसा बसतो, एवढे पुरे. त्यासाठी आधीचे वाचावे लागते. देशभरातील पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर मोफत आहेत. त्यांची संदर्भसूची पाहिली तरी पुढच्या वाचनाची वाट सापडते.

कला शाखेचे काय?

इतिहास किंवा साहित्याच्या पेपरला चार खणांचा साचा बसत नाही आणि बळेच बसवूही नये. तिथे साधनांची ओळख हीच पद्धती. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी १८९८मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, तेव्हापासून मराठीत ही शिस्त आहे : कागद कुठे मिळाला, कोणाचा, कधीचा आणि विश्वासार्ह किती.

समजा, खामगावच्या कापूस बाजारावर आणि १८७०मध्ये सुरू झालेल्या जलंब-खामगाव रेल्वे फाट्यावर लिहायचे आहे. ए. सी. लायल यांचे वऱ्हाडचे गॅझेटियर त्याच वर्षीचे, तर ए. ई. नेल्सन यांचे बुलढाणा जिल्ह्याचे गॅझेटियर १९१०चे. दोन्ही इंग्रज अधिकाऱ्यांनी राज्यकारभारासाठी लिहिली. त्यांतील कापसाचे आकडे वापरताना, हे आकडे कोणी, कशासाठी गोळा केले, हे सांगावेच लागते. फाट्याने बाजाराचे नेमके काय केले, याचे उत्तर अशी दोन साधने समोरासमोर ठेवूनच मिळेल.

उचलेगिरी आणि एआय : रेषा कुठे?

यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. प्रबंधात त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दुरुस्त करून पुन्हा सादर करावा लागतो, ६० टक्क्यांच्या वर गेले तर नोंदणीच रद्द होऊ शकते. यामुळे विचित्र प्रकार सुरू झाला. सॉफ्टवेअरला चकवण्यासाठी शब्द फिरवायचे. २०२१मध्ये फ्रान्स आणि रशियातील संशोधकांनी अशा पेपरांचा छडा लावला. त्यांत 'ब्रेस्ट कॅन्सर'चे 'बुझम पेरिल' झाले होते, म्हणजे स्तनाच्या कर्करोगाचे जणू 'वक्षसंकट'! आकडा १० टक्क्यांखाली आला म्हणून कल्पना आपली होत नाही. दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दांत मांडला तरी संदर्भ द्यावाच लागतो.

एआयची साधने इंग्रजी सुधारायला मदत करतात, पण ती अस्तित्वातच नसलेले संदर्भही खऱ्यासारखे तयार करून देतात. लेखक, वर्ष, पान क्रमांक, सगळे व्यवस्थित. आपण उघडून वाचला नाही तो संदर्भ यादीत घालू नये, हा जुना नियम आता जास्तच लागू आहे.

छापायचा कुठे?

खरी फसवणूक इथे होते. व्हॉट्सॲपवर 'दोन दिवसांत प्रकाशन, सोबत प्रमाणपत्र' असे संदेश फिरतात. दोन दिवसांत कोणताही तज्ज्ञ पेपर नीट तपासून देत नाही. आयएसएसएन क्रमांक म्हणजे दर्जाचा शिक्का, हा समज तर खोलवर रुजला आहे. वस्तुतः तो नियतकालिकाचा ओळख क्रमांक, वाहनाच्या नंबर प्लेटसारखा. गाडी चांगली की भंगार, हे त्यावरून कळत नाही.

भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये 'करंट सायन्स'मध्ये तेव्हाच्या यूजीसी मान्य यादीची चिरफाड केली. विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांपैकी तपशिलात तपासलेल्या १,००९पैकी ८८ टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची निघाली. त्यानंतर 'केअर' यादी आली, तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील केंद्रातून चाले. फेब्रुवारी २०२५मध्ये यूजीसीने तीही बंद केली आणि नियतकालिक निवडण्यासाठी केवळ मार्गदर्शक निकष दिले. म्हणजे 'यादीत आहे का' एवढे पाहून आता भागत नाही. संपादक मंडळातील प्राध्यापक त्यांच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर खरेच आहेत का, जुने अंक उघडतात का, त्यांतले दोन पेपर वाचण्याजोगे आहेत का, शुल्क आधीच जाहीर केले आहे का, हे स्वतः पाहावे लागते. तासाभराचे काम आहे.

आणखी एक. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनी प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे, ही देशपातळीवरील सक्ती काढली. आपल्या विद्यापीठाचा नियम काय, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्यावे.

पेपर परत आला तर?

बहुतेकांचा येतो. चांगल्या नियतकालिकाकडून उत्तर यायला काही महिने लागतात आणि सोबत दोन-तीन परीक्षकांचे शेरे असतात. त्यांना उत्तर देण्याची रीत ठरलेली आहे. प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरवायचा, त्याखाली काय बदलले आणि कोणत्या पानावर, ते लिहायचे. पटला नाही तर कारणासह तसे सांगायचे. परीक्षकाने विचारले, 'आवक जास्त असलेले दिवस वगळून पाहिले का?' तर चिडण्यापेक्षा तेवढे दिवस वगळून तक्ता पुन्हा मांडावा. उत्तर येईपर्यंत तोच पेपर दुसरीकडे पाठवता येत नाही. नकार आला, तर शेऱ्यांनुसार सुधारून पुढच्या नियतकालिकाकडे पाठवायला मात्र कोणाची आडकाठी नसते.